शेल्याखालचे इंग्रजी

अमेरिकेत लढाई लागली आणि अमरावतीत बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. या दोन गोष्टींचा संबंध मला पहिल्यांदा कोणी सांगितला तेव्हा मी विश्वास ठेवला नव्हता. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून विलायत आमच्या दारात आली, एवढे मागाहून कळले. ज्या गृहस्थाने शेंब्या बसवल्या तो त्या चोरीला जाऊ नयेत म्हणून गोठ्यात निजू लागला. बैल पूर्वीसारखेच निजत.

मी तेव्हा अमरावतीच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. इंग्रजी मी नागपुरास शिकून आलो होतो आणि इथे येईपर्यंत मला वाटे की ती पुस्तके वाचण्याची भाषा आहे. अमरावतीत तिचा उपयोग कापूस विकण्याकडे होता. शाळेतले बाक अर्धे रिकामे असत, कारण वेचणीला मजुरी बरी मिळे. पण दिवस कलला की मोठी माणसे घरी येत. एकाला फक्त ‘यस’ शिकायचे होते. ‘नो’ची गरज त्याला वाटत नव्हती, कारण साहेबाला नाही म्हणण्याचा त्याचा विचारच नव्हता. तो माझा सर्वांत लवकर तयार झालेला विद्यार्थी.

त्यांतच एक दलाल येऊ लागले. मूळचे अकोल्याकडचे, घरची काळी जमीन, गावची पाटीलकी मोठ्या भावाकडे. यांना शेती मानवली नाही म्हणून अमरावतीत येऊन कापसाची दलाली धरली. सगळे त्यांना पाटील म्हणत, मीही म्हणे. देह आडवा, आवाज त्याहून आडवा, आणि स्वतःविषयीचे मत दोहोंपेक्षा मोठे. पहिल्याच दिवशी ओट्यावर बसून म्हणाले, “पंतोजी, मले इंग्रजी पायजे. लवकर पायजे. सायेब येऊन राहिला.”

साहेब म्हणजे मुंबईच्या एका पेढीचा गोरा अडत्या. तो हंगामभर अमरावतीत बसून कापूस घेणार होता, आणि बाजारातून एकच दलाल ठेवणार होता. बाकीच्या दलालांनी काय करायचे याचे उत्तर कोणाकडे नव्हते; पाटलांसाठी मात्र ते त्यांच्या भावाने तयार ठेवले होते. ‘अखितीपर्यंत अमरावतीत जमलं नाही तर घरी ये, माझ्या हाताखाली एक माणूस कमीच आहे,’ असा निरोप अकोल्याहून आला होता. अक्षय तृतीयेला आमच्याकडे शेतीचे नवे वर्ष धरतात आणि सालगडी बदलतात. धाकट्या भावाला तो मुहूर्त सांगण्यात काय सुचवले आहे, हे पाटलांना नीट कळले होते.

“भावाच्या घरी जेवाले जाईन,” ते म्हणाले, “राबाले जानार नाही.”

शब्द त्यांनी भराभर उचलले. कॉटन, कार्ट, ट्री, रोड, प्राइस, गुड, बॅड, व्हेरी बॅड. त्यांना वाटले इंग्रजी संपत आली. मी म्हटले, आता एक वाक्य करा. त्यांनी केले: “कॉटन कार्ट ट्री.”

मी विचारले, याचा अर्थ काय?

“कापूस गाडीत हाये, गाडी झाडाखाली हाये.”

“‘त’ कुठे आहे? ‘खाली’ कुठे आहे?”

“ते कायले पायजे? गाडी काय झाडावर राहीन? सायबाले एवढी बी अक्कल नाही काय?”

मी त्यांना सांगितले की साहेबाला अक्कल असेल, पण ती बारीक शब्दांवाचून चालत नाही. आपल्या भाषेत हे जोडकाम शब्दाच्या शेपटाला असते: गाडीत, झाडाखाली, अकोल्याहून. इंग्रजीत तेच शब्दाच्या पुढे चालते. इन द कार्ट, अंडर द ट्री, फ्रॉम अकोला. साहेबाच्या पुढे चोपदार चालतो तसे. चोपदार दिसला नाही तर मागून येणारा कोण, कुठे निघाला, कोणाचा, हे लोकांना समजत नाही.

“मंग चोपदारच मोठा झाला,” पाटील म्हणाले.

“मोठा नाही. पण त्याच्यावाचून मिरवणूक निघत नाही.”

हे त्यांना पटले नाही. पटवण्यासाठी मी त्यांच्याच धंद्याचे उदाहरण घेतले. ‘कॉटन अकोला अमरावती’ असे म्हटले, तर कापूस अकोल्याहून अमरावतीस आला की अमरावतीहून अकोल्यास गेला? कापूस कोणत्या दिशेने चालला आहे यावर त्यांची दलाली अवलंबून होती. ते म्हणाले, “फ्रॉम आन टू. हे दोन द्या. बाकीचे नको.”

बाकीचेही एकेक करून घ्यावे लागले. ‘ऑफ’ त्यांना भटजीसारखा वाटला: प्राइस ऑफ कॉटन, कॉटन ऑफ अकोला, कोणत्याही दोघांची गाठ बांधायची आणि बाजूला व्हायचे. आमच्या घराण्यात भिक्षुकी होती, तेव्हा हे माझ्या वडिलांच्या कानी गेले नाही हे बरे झाले. ‘बट’ त्यांना आधीपासूनच येत होता, फक्त मराठीत. ‘इफ’ ऐकून तर ते इतके खूश झाले की तो शब्द मोठ्याने दोनदा म्हणाले, कारण दलालाने दिलेला कोणताही शब्द त्या एका खुंटीला टांगलेला असतो, आणि ती खुंटी इंग्रजांकडेही आहे हे समजल्यावर त्यांचे त्या लोकांविषयीचे मत सुधारले. ‘बिकॉज’ मात्र त्यांनी परत केला. “कारन सांगत बसलो तं सौदा कवा करू?”

अडचण अशी की हे सगळे त्यांना समजत होते आणि लक्षात एकही राहत नव्हते. मोठे शब्द तोंडात थांबत, बारीक गळून जात. असे का होते, हे मला त्यांच्याच घरी कळले. एकदा त्यांनी मला जेवायला बोलावले होते. जेवण झाल्यावर ओसरीवर उजळणी सुरू झाली. पाटील अडखळले की त्यांचा उजवा हात आपोआप मांडीवरच्या शेल्याखाली जाई आणि तिथे बोटे चाळवू लागत.

स्वयंपाकघराच्या दारातून पाटलीणबाई बघत होत्या. त्या म्हणाल्या, “पंतोजी, यायच्या तोंडाले काहून तरास देता? यायचं डोकं तिथं नाही. हातात हाये.”

“तू चूप राह्य,” पाटील म्हणाले.

“मी चूपच हावो. तुमीच बोलून राहिले, आन तेबी अर्धं.”

बाईंचे म्हणणे खरे होते. आमच्या बाजारात सौदा तोंडाने होत नाही, हत्त्याने होतो. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरतात, वर शेला टाकतात, आणि कोणते बोट कितीदा दाबले यावर भाव ठरतो. चेहरे त्या वेळी अगदी कोरे ठेवायचे, जणू खाली चाललेला हात शेजाऱ्याचा आहे. जमले की हात एकदा घट्ट दाबून सोडतात. तेवढे झाले की सौदा पक्का. मग ब्रह्मदेव आला तरी तो मोडत नाही. पाटील ही विद्या कौंडण्यपूरच्या यात्रेतल्या बैलबाजारात शिकले होते आणि तिच्यात त्यांचा हात धरणारा अमरावतीत कोणी नव्हता. पण हत्त्यात आकडे असतात आणि आकड्यांशिवाय काही नसते. ‘च्यासाठी’ला बोट नाही, ‘पर्यंत’ला बोट नाही. ज्या माणसाने अर्धे आयुष्य असे बोलण्यात घालवले, त्याला ‘टू’ आणि ‘ऑफ’ ही गोऱ्या लोकांची नसती उठाठेव वाटणारच.

मी माझा हात पुढे केला आणि म्हटले, टाका शेला.

आम्ही बारीक शब्दांना बोटे वाटून दिली. अंगठा दाबला की ‘टू’, तर्जनी की ‘फ्रॉम’. मधले बोट ‘इन’, करंगळी ‘अंडर’. ‘ऑफ’साठी दोन बोटे एकत्र, ‘बाय’साठी मनगट. ‘इफ’ला अंगठीचे बोट दिले, कारण ते सर्वांत कमी भरवशाचे. ‘बट’साठी सगळी मूठ, आणि पाटलांची मूठ म्हणजे मूठ होती. बघता बघता त्यांची वाक्ये चालू लागली. ‘द कॉटन ऑफ अकोला इज इन द कार्ट अंडर द ट्री’ हे त्यांनी पहिल्यांदा न थांबता म्हटले, तेव्हा पाटलीणबाईंनी आतून विचारले, “कोनाशी भांडून राहिले?”

शेला काढला की पुन्हा कॉटन कार्ट ट्री. मला त्याची काळजी वाटली नाही. पोर पांगुळगाडा धरून चालायला लागते आणि एक दिवस तो आपोआप सुटतो, तसे होईल असे मी धरून चाललो. उलट मलाच शाळेत ‘फ्रॉम’ शिकवताना तर्जनी आवरेनाशी झाली.

साहेब आला. त्याच्याबरोबर मुंबईहून एक दुभाषी आला, आणि पाहणाऱ्याला वाटे की साहेब दुभाष्याबरोबर आला आहे. पितळी गुंड्यांचा कोट, छत्री, छत्री धरायला वेगळा माणूस. दुभाष्यांचे इंग्रजी ऐकण्यासाठी मी मुद्दाम जवळ जाऊन उभा राहिलो. त्यात ‘बट’ नव्हता, ‘नॉटविथस्टँडिंग’ होता. ‘बिकॉज’ नव्हता, ‘इनॅज्मच अ‍ॅज’ होता. त्यांच्या वाक्यांत जोडणारे शब्दच एवढे मोठे होते की जोडण्यासाठी फारसे काही उरत नसे. साहेब मधूनमधून ‘व्हॉट?’ म्हणे. दुभाषी ते कौतुक समजून पुढे जात. दलालाच्या जागेवर त्यांचाही डोळा होता. दुभाष्याची आणि दलालाची अशी दोन्ही कामे आपण करू, असे त्यांनी साहेबाला सांगून ठेवले होते.

बाजार भरला. कचेरीतून खुर्ची आणून साहेबाला कडुलिंबांच्या रांगेपुढे बसवले. अकोल्याकडच्या गाड्या रात्रभर चालून पहाटेच आल्या होत्या आणि झाडांखाली सोडल्या होत्या. पहिल्या शेतकऱ्याचा कापूस साहेबाने हाताने उकलून पाहिला, दुभाष्याला काही सांगितले, आणि दुभाषी उभे राहून साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात भाव बोलले.

साहेबाच्या मनात खोट नव्हती. उघड भाव म्हणजे सचोटीचा भाव, असा त्याच्या देशातला समज असावा. पण आमच्या बाजाराला ते ऐकून लाज वाटली. तो शेतकरी खाली बघू लागला, कारण मागे त्याचा व्याही उभा होता. भाव हो म्हणावा तर सगळ्यांदेखत हो म्हणावे लागणार, आणि नाही म्हणावा तर सगळ्यांदेखत नाही. त्याने कापसाची मूठ परत गाडीत ठेवली आणि तो बैलांना पाणी पाजायला गेला. दुसराही पाणी पाजायला गेला. तिसऱ्याने बोललेल्या भावावर चढता भाव मागितला, कारण पहिल्या दोघांना जो भाव नको होता तो आपण का घ्यावा? थोड्या वेळात बाजारातले सगळे बैल पाणी पीत होते आणि एक बोंडही विकले गेले नव्हते. दुभाषी साहेबाला याचे कारण समजावू लागले. ‘इनॅज्मच अ‍ॅज’पर्यंत मी ऐकले.

पाटील माझ्या शेजारी उभे होते. “पंतोजी, जाऊ काय?”

“जा. पण शेल्यावाचून बोला.”

“हो,” ते म्हणाले आणि गेले.

साहेबापुढे उभे राहून त्यांनी राम राम केला, गुड मॉर्निंग म्हटले, आणि छाती भरून सुरुवात केली: “सर. कॉटन. अकोला. कार्ट. ट्री.” तिथे ते थांबले. दुभाषी हसले. पाटलांचे कान लाल झाले. अखिती त्यांच्या डोळ्यांसमोर आली असावी, कारण पुढे जे झाले ते विचार करून झालेले नव्हते. त्यांनी खाली वाकून साहेबाचा उजवा हात धरला, खांद्यावरचा शेला काढून त्यावर टाकला, आणि त्यांचे तोंड उघडले.

“सर, द कॉटन ऑफ अकोला इज इन द कार्ट्स अंडर द ट्रीज. इट केम फ्रॉम अकोला टू अमरावती बाय नाइट. इफ यू शाउट द प्राइस, नोबडी सेल्स. बट—”

‘बट’ला साहेबाने डोळे मिटले. ती मूठ मला ठाऊक होती.

“बट इफ यू गिव्ह द प्राइस इन द हँड, एव्हरीबडी सेल्स.”

दुभाषी ओरडले, हात सोडा, ही काय रीत झाली. पण साहेबाने हात सोडवून घेतला नाही. त्याला वाटले, या मुलुखात हस्तांदोलन असेच करत असतील. ऊन बरेच होते, तेव्हा वरून कापड घालतात यातही त्याला नवल वाटले नसावे. आणि समोरच्याने हात दिल्यावर आपण तो नीट दाबावा, हा त्यांच्याकडचा शिष्टाचार. त्याने पाटलांचा हात शेल्याखाली एकदा घट्ट दाबला, आणि सोडला.

सगळ्या बाजाराने ते पाहिले.

साहेबाचा हात पाटलाच्या शेल्याखाली बराच वेळ होता, बोटे चालली होती, साहेबाचा चेहरा कोरा होता, मध्ये एकदा त्याने डोळे मिटले म्हणजे घासाघीस कडक झाली, आणि शेवटी हात दाबून सुटला. यानंतर काय झाले हे विचारण्याची वऱ्हाडात गरज नव्हती. झाडांखालचे बैल पाणी पिता पिता जुंपले गेले. गाड्या पाटलांच्या दिशेने येऊ लागल्या. दुभाषी खुर्चीवर चढून सांगू लागले की कोणताही सौदा झालेला नाही. कोणी लक्ष दिले नाही, कारण ते नुसते तोंडाने बोलत होते.

“जमलं ना जी पाटील?” पहिला शेतकरी विचारत होता. व्याही अजून मागेच होता, पण आता तो याच्याकडे आदराने बघत होता.

पाटलांनी माझ्याकडे पाहिले. मी झाडाकडे पाहिले.

साहेबाने दुभाष्याला विचारले, या लोकांना काय हवे आहे? दुभाष्यांनी उत्तराला सुरुवात केली. ते संपण्याचे चिन्ह दिसेना, तेव्हा साहेबाने हात वर करून त्यांना थांबवले आणि तोच हात, जरा जपून, पाटलांपुढे केला. पाटलांनी शेला टाकला.

“दे वाँट टू सेल, सर.”

“टू हूम?”

“टू यू,” पाटील म्हणाले, आणि अंगठ्यावरून मनगटावर आले. “बाय मी.”

साहेब हसला. मग त्याने पहिल्या गाडीकडे बोट दाखवले. भाव पाटलांच्या कानात सांगितला, पाटलांनी तो शेतकऱ्याच्या हातात दिला, आणि कापूस वजनाला गेला. दुसरी गाडी आली, तिसरी आली. मागच्याला पुढच्याचा भाव समजत नव्हता, त्यामुळे प्रत्येकाला आपलाच चांगला वाटत होता, आणि साहेबालाही. सूर्य डोक्यावर येईपर्यंत झाडांखाली सावलीशिवाय काही उरले नाही. दुभाष्यांना साहेबाने पत्रे लिहिण्याच्या कामी ठेवले. पत्रांत ‘नॉटविथस्टँडिंग’ शोभून दिसतो आणि वाचणाऱ्याला ‘व्हॉट?’ विचारता येत नाही.

पाटलांनी त्याच दिवशी अकोल्याला परत जाणाऱ्या गाडीवानाकडे भावासाठी निरोप दिला. तो फार लांबू लागला, साहेबाची खुर्ची, साहेबाचे हसणे, बाजाराने केलेला मान वगैरे, तेव्हा पाटलीणबाईंनी गाडीवानाला हाक मारली. “अवो, एवढंच सांगजा की सायबानं ठेवलं. अखितीले दुसरा गडी पाहा म्हना.”

हंगाम पाटलांनी असाच काढला. साहेबाशी बोलायचे तर शेला टाकूनच. पुढे साहेबाला त्याची सवय झाली आणि ‘बट’ येणार असे दिसले की तो आधीच डावा हात पुढे करी. एका संध्याकाळी त्याने मला बोलावले आणि सांगितले की आपल्याला हत्ता शिकायचा आहे. वाटेल तेवढे दिवस लागले तरी चालतील, शिकवणाऱ्याला नाराज करणार नाही. मला बोटांचे इंग्रजी येत होते, भाव येत नव्हते, म्हणून मी पाटलांना विचारले.

“येडे झाले काय पंतोजी? सायबाले हत्ता शिकवला तं मंग मले कोन ठेवीन?”

“तुम्ही त्याची भाषा शिकलात. त्याने तुमची शिकायची नाही?”

“मी अर्धी शिकलो. त्याले बी अर्धी देऊ. तुमी त्याले मराठी शिकवा, पाहिजे तेवढी शिकवा, रामरक्षा शिकवा. हत्ता नाही.”

साहेबाला हे याच शब्दांत सांगणे बरे दिसले नसते. मी त्याला कळवले की ही विद्या शिकून येत नाही, तिच्यासाठी अमरावतीत जन्म व्हावा लागतो. साहेबाने खेद व्यक्त केला आणि ते मान्य केले. गोऱ्या माणसाला जन्माचे कारण दिले की तो वाद घालत नाही, हे मी एव्हाना शिकलो होतो.

पाटलांना ते समजले तेव्हा ते चिडले.

“अमरावतीत? मी अकोल्याचा हावो ना जी. उद्या सायबानं इचारलं, तुहा जन्म कुठचा, तं मी काय सांगू? खोटा पडीन. मंग हत्ता बी खोटा, दलाली बी गेली.”

“मग आता काय करू?”

“जा आन नीट करून या.”

सकाळी मी पुन्हा साहेबाकडे गेलो. तो दाढी करत होता. मी म्हटले, कालच्या माझ्या वाक्यात थोडे राहून गेले आहे. त्याने वस्तरा थांबवला. मी ‘इन अमरावती’च्या पुढे ‘ऑर अकोला’ जोडले, त्याने मान डोलावली, आणि मी शाळेत गेलो.